तेहतीस अनारसे आणि एक दुभाषी

आमच्या जालना जिल्ह्यात जावयाचा भाव तीन वर्षांतून एकदा चढतो. एरवी तो सासरी गेला तर "या, बसा" म्हणून चहा मिळतो आणि चहा संपायच्या आत मेव्हण्याला शेतातलं काहीतरी काम आठवतं. पण अधिक महिना लागला, की तोच मेव्हणा दिवसातून दोनदा फोन करून "दाजी, कवा येऊन राह्यले?" असं विचारतो. या महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, दोघांना कपडे करायचे आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मधोमध पेटता दिवा, असं वाण जावयाच्या हातात द्यायचं. जावयानं यात काय करायचं? काही नाही. पाटावर बसायचं. इतकं सोपं काम मला जन्मात दुसरं मिळालं नाही, आणि मी तर शाळामास्तर होतो.

हे सगळं सुरू कसं झालं, याची गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. सूर्याचं वर्ष आणि चंद्राचं वर्ष यांचा मेळ बसत नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे पडतात. ते साठत साठत तिसऱ्या वर्षी एक अख्खा महिना होऊन बसतो. बारा महिन्यांना बारा देव आधीच वाटून गेलेले, त्यामुळे या तेराव्याला कुणी वाली नव्हता. त्यात ना लग्न, ना मुंज, ना वास्तुशांत. लोक त्याला मलमास म्हणून हिणवायला लागले. तेव्हा तो रडत विष्णूकडे गेला, विष्णूनं त्याला पदरात घेतलं आणि आपलं पुरुषोत्तम हे नाव दिलं. म्हणून या महिन्यात जावयाला विष्णू मानायचं आणि लेकीला लक्ष्मी. माझ्याकडे पाहून विष्णू आठवावा असं माझ्यात काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण बिनकामाच्या महिन्याला एक बिनकामाचा माणूस जोडून द्यायचा, यात शहाणपण आहे असं मला वाटतं.

तेहतीसच का, याचं उत्तर मात्र प्रत्येक घरी वेगळं. कुणी तेहतीस कोटी देव म्हणतं, कुणी म्हणतं हा महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून. आणि ताटात जे द्यायचं त्याला जाळी हवी, ही आणखी एक अट. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक, काहीही चालेल, पण भोकं पाहिजेत. ती कशासाठी, हे पहिल्या धोंड्याला मी सासरी विचारलं. दाराआडून उत्तर आलं, "तीन वर्सांचा रुसवा-फुगवा गळून जावा म्हनून." इतकं चोख उत्तर मी नंतर कुठल्याही पोथीत वाचलं नाही.

दाराआडून म्हणजे सासूबाईंकडून. माझं सासर जाफराबादच्या पुढे, जीपनं अर्ध्या तासावरच्या एका गावात. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात सासूबाई, मेव्हणा आणि त्याची बायको. आणि त्या घरची रीत अशी, की सासूनं जावयाशी बोलायचं नाही. भांडण नव्हे, मान. जावई ओसरीवर बसला की सासूनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून आतल्या दाराआड उभं राहायचं आणि जे काही म्हणायचं ते लेकीला म्हणायचं. लेकीनं ते जावयाला सांगायचं. जावयानं उत्तर लेकीला द्यायचं. तिघंही एकाच घरात, मधे चार हातांचं अंतर, प्रत्येकाला प्रत्येकाचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय, तरी हे असंच चालायचं.

सगळं ऐकू येतंय, असं मी धरून चाललो होतो. तिथेच माझी चूक झाली. मी हळू बोलणारा माणूस. वर्गातसुद्धा मागच्या बाकावरची मुलं "सर, पुन्हा सांगा" म्हणायची. त्यामुळे माझं बोलणं दारापर्यंत पोचतच नसे. पोचायचं ते बायकोनं केलेलं भाषांतर. आणि भाषांतर करताना ती मुळाशी इमान राखत असे, असं म्हणवत नाही.

पहिल्या धोंड्याला मला तपकिरी रंगाचा पँटपीस मिळाला. मी बायकोच्या कानाशी म्हणालो, "हा रंग म्हशीला शोभेल." बायको दाराकडे तोंड करून म्हणाली, "माय, त्यायला रंग लई आवडला." परिणाम असा झाला, की तिथून पुढे दर धोंड्याला मला तोच रंग मिळाला. माझ्या खाकी-तपकिरी विजारी बघून शाळेतले सहकारी विचारायचे, तुम्ही पूर्वी वनखात्यात होता का?

अनारशाचंही तेच. अनारसा करणं म्हणजे खायचं काम नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून जरासे ओलसर असतानाच कांडायचे, गूळ घालून तो गोळा मुरवायचा आणि खसखशीवर थापून एकाच बाजूनं तुपात तळायचा. जरा चुकलं की अनारसा कढईत फसफसून विरून जातो. त्याला बायका अनारसा हसला म्हणतात. सासूबाईंचा अनारसा कधी हसला नाही. त्या स्वतःही फार हसत नसत. एवढे कष्ट, एवढी जाळी, एवढी कीर्ती, आणि मला अनारसा आवडत नाही. दातात खसखस अडकते आणि तुपाचा वास दिवसभर मिशीत राहतो.

त्या पहिल्याच धोंड्याला सकाळी न्याहारीला धिरडी होती. गव्हाच्या पिठाची, पातळ, कडेला कुरकुरीत, अंगभर भोकंच भोकं, आणि बुडवायला गरम गुळवणी. मी सहा खाल्ली. दुपारी वाण हातात आल्यावर एक अनारसा तोंडात टाकून मी बायकोला म्हणालो, "सकाळचं धिरडं काय सुरेख होतं. हे अनारसे तू संपव बाई." बायकोनं घसा साफ केला आणि दाराला कळवलं, "ते म्हनत्यात, असा अनारसा सात जन्मात खाल्ला न्हाई." दाराआड बांगड्या वाजल्या. अनारसे नेहमी घरी न्यायचे म्हणून डब्यात भरले जात. डबा बायकोच्या मांडीवर असे. जीप जाफराबादला पोचेपर्यंत त्यातले सात-आठ संपलेले असत. "तुमच्या नावचे हायत, म्हनून तुम्हाला एक ठिवते," असंही वर म्हणायची.

जेवतानाची गंमत तर विचारू नका. सासूबाई दाराआडून विचारायच्या, "आनखी वाढू का?" मी मानी माणूस, सासरी पोटभर जेवणं मला हावरटपणाचं वाटे. मी म्हणायचो, "पुरे." बायको म्हणायची, "वाढ म्हनत्यात." की मेव्हण्याची बायको येऊन वाढून जायची. मी डोळे वटारायचो. बायको पुटपुटायची, "पोटात भूक, तोंडात पुरे. मला काय दिसत न्हाई का?" आणि खरं सांगायचं तर मला भूक असायची. अठ्ठावीस वर्षं मी सासरी पोटभर जेवलो, ते केवळ या चुकीच्या भाषांतरामुळे.

आम्हाला एकच मुलगा, तो पुण्यात. त्यामुळे सासरा व्हायचं माझ्या नशिबी आलं नाही. या सणात मी जन्मभर घेणाराच राहिलो. घेता घेता मला एक गोष्ट कळत गेली होती, की हा सण जावयाचा नाहीच. तापत्या उन्हात किंवा भर कामाच्या दिवसात लेक उगीच माहेरी कशी येणार? तिच्या सासरचे काय म्हणतील? म्हणून आधी जावयाला आवतण द्यायचं. विष्णूला पाटावर बसवायचं, त्याच्या हातात ताट द्यायचं, आणि तो त्या दिव्याकडे बघत बसला की तिकडे चुलीजवळ मायलेकींनी तीन वर्षांचं बोलून घ्यायचं. मी म्हणजे लेकीला आणायचं निमित्त. मला याचं वाईट कधी वाटलं नाही. निमित्ताला तूप तर मिळत होतं.

मग दीड वर्षापूर्वी बायको गेली. आजार लांबला नाही. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसलो की पुढचं लिहून होत नाही.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान आहे. तीन पिढ्यांपासून जालन्यात आहेत. त्यांनी नेहमीप्रमाणे 'धोंड्यानिमित्त जावई पोशाख' अशी पाटी लावली. मी दूध आणायला निघालो, की ते गल्ल्यावरून हाक मारत, "मास्तर, अवंदा कोनत्या तारखेला निघनार?" त्यांच्या मनात काही नव्हतं. मी "बघू" म्हणून पुढे जायचो. आठवडाभरानंतर मी दूध आणायला मागच्या गल्लीनं जायला लागलो.

कारण मला आवतण आलं नव्हतं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. वाण जोडीला देतात. लक्ष्मी नसेल तर नुसत्या नारायणाला ताट देत नाहीत, हे शास्त्र मलाही ठाऊक होतं. ताट मला नकोच होतं. अनारसेही नको होते, पँटपीस तर मुळीच नको होता. पण ती गेल्यावर त्या घरी मी कोण लागतो, एवढंच मला कळायला हवं होतं. निमित्तच असेन तर निमित्ताचं काम संपलं होतं. हे विचारायचं कुणाला? असल्या गोष्टी जिनं विचारायच्या, आणि उत्तर कडू असेल तर गोड करून सांगायचं, तीच नव्हती. मी फोन उशाशी ठेवायला लागलो आणि पुण्याहून मुलानं "पहिल्याच रिंगला कसा उचलता?" असं विचारलं तर म्हणायचो, गजर लावतो, म्हणून उशाशी असतो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, सहज केल्ता. तब्येत बराबर हाय ना?" मी बराबर म्हणालो. मग तो उन्हाबद्दल बोलला. मग सरकीच्या बियाण्याबद्दल. मग पुन्हा उन्हाबद्दल. चांगला माणूस आहे, पण आडवळणानं बोलायला लागला की जाफराबादहून बदनापूरला मुंबईमार्गे जाईल. मी "हं, हं" करत होतो. इतक्यात मागून एक आवाज आला, लांबून, पण मला पाठ असलेला.

"त्यायला इचार, धोंड्याला कवा येऊन राह्यले."

मेव्हण्यानं बहुतेक फोनवर हात ठेवला, पण बरोबर जागी ठेवला नाही. तो म्हणत होता, "माय, जोडीला देत्यात ते. लोक काय म्हनतील? अन् दाजींना बी कसंतरी वाटंल." मग काही वेळ नुसती खरखर. मग तोच आवाज, "दे इकडं."

फोन सासूबाईंच्या हातात गेला, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. त्या ऐंशीच्या घरातल्या. फोन कानाला लावायचा की तोंडाला, हे त्यांना नीट माहीत नसावं. मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर माझा टॉवेल वाळत होता.

"आयकू येऊन राह्यलं का?" त्या म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षांत सासूबाई माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "हो," मी म्हणालो.

"मंग कवा येता?"

"येतो."

"कवा ते सांगा की!"

"तुम्ही म्हणाल तेव्हा." माझा आवाज नेहमीसारखा बारीक निघाला असणार, कारण त्या ओरडल्या, "जोरात बोला जरा! ती सांगायची, तुमी मास्तर हाय म्हनून!" मी गुरुवारी येतो, असं मी इतक्या जोरात सांगितलं, की शेजारीण गॅलरीत आली.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघालो. शेठजींच्या दुकानापुढून गेलो, मुद्दाम, हातात पिशवी हलवत. जाफराबादला उतरलो तर ऊन डोक्यावर. जीपमध्ये बाजूची जागा रिकामी होती. तिथे पिशवी ठेवली आणि वाटभर मनाशी घोकत राहिलो. आता भाषांतर करणारं कुणी नाही. अनारसा तोंडात टाकल्यावर चेहरा बरा ठेवायचा. "छान झालेत" हे मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणायचं. एवढं केलं की निभावलं.

घरी मेव्हण्यानं पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता टॉवेल पुढे केला. ओसरीवर त्याच्या बायकोनं सवयीनं दोन पाट मांडले होते. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एक उचलायला वाकली. "ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्या दाराआड नव्हत्या. उंबऱ्यावर बसल्या होत्या, पदर पुढे ओढलेला, पण उंबऱ्यावर, माझ्यासमोर. पदराखाली त्यांची हनुवटी तेवढी दिसत होती, आणि ती अगदी माझ्या बायकोसारखी होती. हे मला आजवर कळलंच नव्हतं.

आतून ताट आलं. वर पांढरं फडकं झाकलेलं. "त्या पाटावर ठिव," सासूबाई म्हणाल्या, आणि ते ताट माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवलं गेलं. जवळ दिवा लावला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोकलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं, म्हणून मी खच्चून म्हणालो, "अनारसे फार छान झालेत!"

मेव्हणा छताकडे बघायला लागला.

"आधी उघडून तरी बघा," सासूबाई म्हणाल्या.

मी फडकं उचललं. ताटात धिरडी होती. छोटी छोटी, तळहाताएवढी, एकावर एक रचलेली, अंगभर जाळी पडलेली. तेहतीस होती हे मोजायची गरज नव्हती; त्या घरात बत्तीस होतच नाहीत.

"जाळी हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग चालतंय. भटजीला इचारलं न्हाई म्या."

त्याच बोलत राहिल्या, सावकाश, जमिनीकडे बघून. "अनारसं तिला आवडायचं. तुमच्या नावानं म्या तिच्यासाठी करायचे, अन् तुमच्या नावानं ती खायची. मला काय ठावं न्हाई का? पयल्याच धोंड्याला सांगितल्तं तिनं मला चुलीपशी, माय, त्यायला धिरडं आवडतं."

अठ्ठावीस वर्षं ज्या भाषांतराला मी हसत होतो, त्याची खरी प्रत तिकडे चुलीजवळ पोचत होती. मी डोळे पुसले आणि मास्तरकीच्या सवयीनं उलट प्रश्न विचारला, "मग तेव्हापासून धिरडीच का नाही केलीत?"

"तवा लेक येत व्हती ना माझी," त्या म्हणाल्या. त्यांना त्यात अवघड काहीच वाटलं नाही. "आता तुमी येता."

मी मान खाली घालून पहिलं धिरडं मोडलं. नंतर कपडे दिले. पँटपीस तपकिरीच होता. रंगाचं गुपित मात्र बायकोनं शेवटपर्यंत फोडलं नव्हतं.

जेवताना सासूबाई स्वतः उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गुळवणीची वाटी घेऊन माझ्या पानापाशी आल्या. "आनखी वाढू का?"

"पुरे," मी म्हणालो. तोंडातून सवयीनं गेलं.

त्या क्षणभर थांबल्या. मीही थांबलो. शेजारच्या पाटावरून कुणी काही म्हणालं नाही. तेव्हा त्या "बरं" म्हणून वाटी घेऊन मागे वळल्या, माझ्या शब्दाला मान देऊन. ताट माझं रिकामं होतं आणि पोटात भूक होती.

"वाढा," मी म्हणालो. त्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणालो, "आई, वाढा."